पीक नुकसानीचं 'पाक' करू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब झालंय, कापायचं असेल तर खुशाल कापा, फक्त मात्रा-वेलांट्या कापू नका. असं का म्हणतोय ते खाली येतंच.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. आमचे अप्पा (वय ७१, चादरीच्या कारखान्यातून रिटायर) सकाळी चहा घेत मोबाईलवर तुमचा पेपर वाचत बसले होते. कागदाचा पेपर पण घरी येतो, पण तो साडेसातला येतो आणि अप्पा पाचला उठलेले असतात, तोवर मोबाईल. तर मध्येच मला हाक मारून विचारतात, "काय रे, पाकचं नुकसान झालं तर त्याचे पंचनामे आपला तहसीलदार का करतोय?" मला काय कळेना. मोबाईल हातात घेऊन बघतो तर हेडिंग होतं पीक नुकसानीचे पंचनामे. पण वरच्या ओळीचं डोकंच उडालेलं. वेलांटीची कमान गायब, खाली नुसती काठी, म्हणून पीकचं पाक. 'चे' वरची मात्रा गेली, 'पं' चा अनुस्वार गेला. दिसत काय होतं तर "पाक नुकसानाच पचनाम". आणि खालच्या ओळीचं डोकं शाबूत पण पाय कापलेले, त्यामुळं सोलापूरचं "सोलापर" झालेलं. आधी वाटलं अप्पांनी सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून ठेवलंय (मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय मागच्या वर्षी) म्हणून होत असेल, पण माझ्या मोबाईलवर उघडलं तरी तेच.

माझा धंदा वेबसाइट बनवायचा. बारा-तेरा वर्षं झाली, चादरी-टॉवेलचे शोरूम, दवाखाने, क्लासेस, दोन-चार पतसंस्था, असे आपल्या गावातले कस्टमर. त्यामुळं राहवलं नाही, लॅपटॉपवर तुमची साइट उघडून आत काय लिहिलंय ते बघितलं. ते कुणालाही बघता येतं, ब्राउझरमध्ये राइट क्लिक करून इन्स्पेक्ट म्हणायचं, चोरी नाहीये ती. तर हेडिंगला लाइन-हाइट दिलीय १.१ आणि हेडिंग ज्या चौकटीत बसतं त्या डब्याला ओव्हरफ्लो हिडन. म्हणजे ओळीला जागा द्यायची टीचभर आणि टीचभर जागेच्या बाहेर जे डोकावेल ते छाटून टाकायचं. इंग्रजीत हे चालून जातं, कारण इंग्रजी अक्षर वर कॅपिटलच्या उंचीपर्यंत जातं, खाली 'जी' 'वाय'च्या शेपटीपर्यंत, संपलं. आपलं अक्षर तीन मजली आहे. मधला मजला शिरोरेषेला टांगलेला, वर मात्रा वेलांट्या रफार अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचं अर्धंमुर्धं काय असेल ते. 'र्कीं' लिहून बघा, वरच्या मजल्यावर एकाच खोलीत किती जण राहतायत ते कळेल. त्याला १.१ मध्ये कोंबलं की कुणाचं तरी डोकं छताला लागणारच.

तुमच्या वेबवाल्या पोराला बोलू नका, त्याची चूक नाही किंवा आहे पण एकट्याची नाही. बाजारात तयार थीम (साइटचा साचा) मिळते, ती परदेशी इंग्रजी मजकूर डोळ्यासमोर ठेवून बनवलेली असते, आपण ती घेतो, लोगो बदलतो, मराठी मजकूर ओततो आणि बिल लावतो. मी पण तेच केलंय. २०१६ च्या आसपास एका टॉवेलच्या शोरूमची साइट केली होती, त्यात हेडिंगला मस्तपैकी लेटर-स्पेसिंग दिलं, इंग्रजी साइटवर ते फार उठून दिसतं, कॅपिटल अक्षरं लांब लांब, एकदम भारी ब्रँड वाटतो. मराठीला दिलं की शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटली. मालकांना दाखवायला गेलो, ते काउंटरवर बसून बराच वेळ बघत होते आणि मग म्हणाले, "आमचे टॉवेल दोरीवर वाळत घालतात बघ, तसं आहे हे, फक्त तू प्रत्येक टॉवेलमागं दोरी कापलीयस." तेव्हापासून मराठीला लेटर-स्पेसिंग द्यायला हात धजत नाही. तुमच्या साइटवर 'ताज्या बातम्या' या पट्टीला मात्र अजून आहे, बघून घ्या.

आता मूळ मुद्दा, म्हणजे पत्र कशासाठी लिहितोय ते. तुमच्या रविवारच्या पुरवणीत टेक्नॉलॉजीचं अर्धं पान असतं, मी ते आधी काढून वाचतो. त्यात एआय असतं, नवीन मोबाईल कितीला आला ते असतं, पासवर्ड कुणाला देऊ नका हे तर दर महिन्याला असतं. पण ज्या गोष्टीवर तुमचा हा सगळा पेपर मोबाईलवर उभा आहे, ती सीएसएस, त्याची एक ओळ कधी छापून आलेली आठवत नाही. आणि गेल्या सात-आठ वर्षांत त्यात जे झालंय ते काय थोडंथोडकं नाही. वेब डेव्हलपर सोडा, तुमच्या डेस्कवर पान लावणाऱ्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल हे तर आमचंच काम आहे.

खरंच तसं आहे. सीएसएस म्हणजे वेबपानाचं दिसणं कसं असावं ते सांगायची भाषा. हाकोन व्हीम ली नावाच्या नॉर्वेच्या माणसानं १० ऑक्टोबर १९९४ ला तिचा पहिला प्रस्ताव मांडला, तेव्हा तो सर्न या संशोधन संस्थेत होता, जिथं टिम बर्नर्स-ली यांनी वेब काढलं तिथंच. मग बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला आणि १७ डिसेंबर १९९६ ला डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं पहिलं सीएसएस अधिकृत केलं. पण गंमत अशी की त्यानंतर वीस वर्षं पान लावायला खरी व्यवस्थाच नव्हती. आधी टेबलात टेबल घालून, मग फ्लोट नावाच्या जुगाडावर आम्ही कॉलम करायचो, एक बातमी लांब झाली की शेजारची घरंगळून खाली. खरं पान लावता यायला मार्च २०१७ उजाडला, त्या एका महिन्यात फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्ही ब्राउझरनी ग्रिड, म्हणजे चौकोनी घरांची मांडणी आणली. तुम्ही डमी म्हणजे पानाचा कच्चा आराखडा काढता ना, वर मास्टहेड (पेपरचं नाव), खाली लीड (मुख्य बातमी), उजवीकडं सिंगल (एका कॉलमची बातमी), तळाला अँकर (खालची मोठी बातमी) आणि जाहिरात, ग्रिडमध्ये अगदी तसंच लिहिता येतं. नावं देऊन चौकोन भरायचे. लीड लीड सिंगल, खालच्या ओळीत अँकर अँकर जाहिरात, बास, पान लागलं.

हे अप्पांना दाखवलं होतं मी एकदा. ते कारखान्यात डिझाइन खात्यात होते, म्हणजे चादरीवर मोर असेल तर तो आधी ग्राफ पेपरवर एक एक घर भरून काढायचा, मग त्यावरून जॅकार्डची (नक्षी विणायच्या मागाची) कार्डं पंच करायची, ताण्याचा कुठला धागा वर जाणार कुठला खाली ते त्या भोकांवरून ठरतं. स्क्रीनवर चौकोन बघून म्हणाले हे तर ग्राफ आहे. मी म्हटलं हो. मग विचारलं, "एक घर चुकलं तर किती कार्डं परत पंच करायची?" मी म्हटलं एकही नाही, तिथल्या तिथं बदलायचं आणि रिफ्रेश मारायचं. तर म्हणतात, "म्हणूनच तुम्ही लोक एवढ्या चुका करता."

असो. दुसरी बातमी जी तुमच्या डेस्कला आवडेल ती म्हणजे कंटेनर क्वेरी. आधी काय होतं, आम्हाला फक्त स्क्रीन केवढी आहे एवढंच विचारता यायचं. मोबाईल असेल तर असं कर, लॅपटॉप असेल तर तसं कर. पण तीच बातमी लॅपटॉपवर डबल कॉलममध्ये पण असते आणि कडेच्या सिंगलमध्ये पण असते, स्क्रीन तीच, जागा वेगळी. सिंगलला गेली की फोटो वर आणि मजकूर खाली, डबलला गेली की फोटो बाजूला, हे तुमचा माणूस डोळे झाकून करतो, ब्राउझरला कळत नव्हतं. २०२२ मध्ये क्रोम आणि सफारीत आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्समध्ये ते आलं. आता बातमीचा डबाच विचारतो की मला केवढी जागा मिळालीय आणि त्याप्रमाणं अंग चोरून किंवा पसरून बसतो, आपल्या एसटीत तिसरा माणूस बसतो तसा.

मग सबग्रिड, त्यानं शेजारशेजारच्या तीन बातम्यांची हेडिंगं कमीजास्त ओळींची असली तरी खालचा मजकूर एका रेषेत सुरू होतो. फायरफॉक्सनं ते २०१९ लाच दिलं होतं, क्रोमला सप्टेंबर २०२३ उजाडलं, तोवर वापरून उपयोग नव्हता कारण आपल्याकडं बहुतेक लोक क्रोमवरच असतात. आणि हॅज नावाचा एक प्रकार, 'ज्या बातमीत फोटो आहे तीच अशी दाखव' असं म्हणता येणं. वर्षानुवर्षं सगळे सांगत होते हे होणार नाही, ब्राउझर स्लो पडेल, आणि मार्च २०२२ मध्ये सफारीनं करून दाखवलं, डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्स आलं आणि वर्तुळ पूर्ण झालं.

हे एवढं भराभर का व्हायला लागलं त्याचं पण कारण आहे आणि ते मला फार आवडतं. आधी प्रत्येक ब्राउझरचं वेगळं, एकात साइट बरी दिसायची दुसऱ्यात मोडलेली, आमची अर्धी जिंदगी इंटरनेट एक्सप्लोररच्या नाकदुऱ्या काढण्यात गेली (ते १५ जून २०२२ ला रिटायर केलं, त्या दिवशी मी सातरस्त्यावर पोरांना आइस्क्रीम चारलंय). आता इंटरॉप म्हणून दरवर्षी ठरतं, ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला हे सगळे बसून यंदा कुठल्या कुठल्या गोष्टी सगळीकडं सारख्या चालवायच्या त्याची यादी करतात आणि कोण किती टेस्टमध्ये पास झालं त्याचा आकडा जाहीर लावतात, दहावीच्या निकालासारखा. बाजारात एकमेकांचा गळा धरणाऱ्या कंपन्या आहेत या. आणि २०२३ पासून बेसलाइन असं पण आलंय, म्हणजे एखादी नवीन गोष्ट सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आली की 'नव्यानं उपलब्ध' आणि त्याला ३० महिने झाले की 'सर्रास उपलब्ध'. आमच्यासारख्याला कस्टमरसमोर बोलायला आधार मिळतो, नाहीतर "हे आमच्या भाच्याच्या मोबाईलवर चालंल का" याला उत्तर काय देणार.

भांडणं पण होतात, उघड्यावर होतात. विटा रचल्यासारखी कमीजास्त उंचीची कार्डं एकाखाली एक बसवायची मांडणी, तिचं पाच वर्षं चाललं होतं, ग्रिडच्याच घरात ठेवायची का वेगळं बिऱ्हाड करायचं. शेवटी ग्रिडच्याच आडनावानं राहिली, ग्रिड-लेन्स. सगळी चर्चा कुणालाही वाचता येते, कुणालाही त्यात लिहिता येतं. आपल्या वॉर्डसभेपेक्षा बरं आहे म्हणायचं.

आणि तुम्हाला पुरवणीत छापायला माणसाची गोष्टच हवी असेल तर ती पण आहे. सीएसएसमध्ये रंगांना नावं असतात, त्यातल्या एका जांभळ्याचं नाव आहे रिबेकापर्पल. एरिक मायर म्हणून सीएसएसवर पुस्तकं लिहिलेले, सगळ्या जगाला सीएसएस शिकवलेले गृहस्थ, त्यांची मुलगी मेंदूच्या कॅन्सरनं ७ जून २०१४ ला गेली, त्याच दिवशी तिला सहा वर्षं पूर्ण झाली होती. तिला जांभळा रंग आवडायचा. लोकांनी ठरवलं या रंगाला तिचं नाव द्यायचं, आधी 'बेकापर्पल' म्हणणार होते, पण वडिलांनी सांगितलं की बेका हे लहान पोरीचं नाव, सहा वर्षांची झाले की मला रिबेका म्हणायचं असं तिचं म्हणणं होतं, आणि ती काही तास का होईना सहा वर्षांची झाली होती. म्हणून पूर्ण नाव. आज जगातल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये तो शब्द लिहिला की तो रंग येतो, आणि २०२४ मध्ये सीएसएसचा नवा लोगो ठरला तो पण त्याच रंगात. माझ्या पोरीला सहावं लागलं तेव्हा तिच्या वाढदिवसाच्या पत्रिकेचा रंग मी तो ठेवला होता, कुणाला सांगितलं नाही का ते.

बरं, परत मराठीवर येतो कारण माझं दुखणं तिथं आहे. या सगळ्या बातम्या इंग्रजीत येतात, त्यातली उदाहरणं इंग्रजी, आणि आपण तशीच्या तशी उचलतो. ताजं उदाहरण. टेक्स्ट-बॉक्स-ट्रिम म्हणून आलंय, सफारीत डिसेंबर २०२४ ला आणि क्रोममध्ये फेब्रुवारी २०२५ ला. अक्षरांच्या वर-खाली जी मोकळी जागा राहते ती कापून बटणात मजकूर अगदी मधोमध बसवायचा. सगळे खूष, कारण इंग्रजी बटणात मजकूर मधोमध दिसणं ही वीस वर्षांची डोकेदुखी होती. पण कापायचं कुठून, तर वर कॅपिटल अक्षराची उंची आणि खाली इंग्रजी अक्षराचा तळ. आता ज्याला आपण मोकळी जागा म्हणतोय तिथं आपल्या वेलांट्या राहतात आणि उकार राहतात हो! नुसतं ट्रिम केलं तर अक्षर कापलं जात नाही, बाहेर डोकावतं, पण त्याच डब्याला ओव्हरफ्लो हिडन असलं की परत पीकचं पाक. मी एका क्लासच्या साइटवर 'प्रवेश सुरू' या बटणावर करून बघितलं, 'प्रवश' झालं. मास्तरांनी तेवढ्यात फोन केला.

दुसरं, पहिलं अक्षर मोठं करायची हौस. तुमच्या अग्रलेखात कागदावर असतं ते, दोन-तीन ओळींएवढं मोठं पहिलं अक्षर, छान दिसतं. वेबवर ते फर्स्ट-लेटरनं करतात. आता 'क्षमा' या शब्दाचं पहिलं अक्षर कुठलं? आपण म्हणणार क्ष. कंप्युटरच्या लेखी तो क, मग हलंत, मग ष, असे तीन तुकडे, आणि एक अक्षर कुठं संपलं हे तो ठरवतो त्याला नियम लागतो. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्या कंप्युटरवर लिहायची जागतिक पद्धत, तिच्या मूळ नियमात आपलं जोडाक्षर एक अक्षर म्हणून धरलंच जात नव्हतं, ते सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत दुरुस्त झालं. तीस वर्षं लागली त्याला. आणि ते मोठं अक्षर बसवायचं कसं? इंग्रजीचं तळाच्या रेषेवर बसतं, आपलं शिरोरेषेला टांगलेलं असतं, म्हणजे मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला जुळली पाहिजे. सीएसएसच्या मसुद्यात यासाठी हँगिंग असा पर्याय लिहून ठेवलाय, म्हणजे कुणीतरी विचार केलाय बरं का आपला. डब्ल्यूथ्रीसीकडं भारतीय लिप्यांच्या मांडणीच्या गरजा सांगणारा वेगळा दस्तऐवज पण आहे. पण ब्राउझरनं करेपर्यंत तुम्ही अग्रलेखाला ते मोठं अक्षर लावू नका, मागच्या सोमवारी 'स्वातंत्र्य'चा 'स्' वेगळा आणि 'वा' वेगळा पडला होता.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित. पानाच्या अगदी पहिल्या ओळीत पान कुठल्या भाषेत आहे ते लिहायचं असतं. तुमच्या साइटवर तिथं 'ईएन' लिहिलंय, म्हणजे इंग्लिश. अख्खा मराठी पेपर आणि पहिल्याच ओळीत सांगताय की हे इंग्रजी आहे! बघून खोटं वाटलं म्हणून परत रिफ्रेश मारून बघितलं. तिथं 'एमआर' पाहिजे. फरक काय पडतो म्हणाल, तर एक म्हणजे आपला ल आणि आपला श. मराठी पाकळीचा ल आणि हिंदी ल वेगळा, श चं पण तसंच, आणि देवनागरीच्या चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात, भाषा मराठी सांगितली तर तो मराठी काढून देतो, नाही सांगितली तर त्याला जो ठाऊक तो. शासनानं २००९ मध्ये ल-श असेच लिहायचे म्हणून वर्णमालेचा निर्णय काढला, तो कागदावर राहिला आणि इथं दोन अक्षरं लिहायची राहिली.

आणि भाषेचा दुसरा फरक, माझा एक मित्र आहे, बघू शकत नाही, कंप्युटरवर एनव्हीडीए (स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बातम्या ऐकतो. ते सॉफ्टवेअर पानाची भाषा बघून आवाज निवडतं. इंग्रजी म्हटलं की इंग्रजी आवाज घेतं, आणि कित्येक इंग्रजी आवाज देवनागरी आलं की सरळ गप्प बसतात. त्यानं मला सांगितलं, "तुमच्या त्या पेपरात आकडे आणि जाहिरातीच तेवढ्या ऐकू येतात." वर तुमच्याकडं काही हेडिंगं चित्र करून टाकलेली असतात, लाल पट्टीवर पिवळं अक्षर, ती तर त्याला मुळात नाहीतच. शोधून पण सापडत नाहीत ती. युनिकोडच्या आधी मराठी साइटवर 'आधी फॉन्ट डाऊनलोड करा' असं असायचं तेव्हा चित्र टाकणं समजू शकतो, आता कशाला.

आणि झूम. तुमच्या मोबाईल साइटला दोन बोटांनी मोठं करायला बंदी घातलीय, ती पण एक ओळ आहे. आयफोन २०१६ पासून ती ओळ मानतच नाही, पण अँड्रॉइडवर क्रोम मानतो, सेटिंगमध्ये जाऊन जबरदस्तीनं झूम चालू करावं लागतं. अप्पांना मी करून दिलंय. बाकीच्यांच्या अप्पांना कोण करून देणार.

चांगलं पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता रडतोय. टेक्स्ट-रॅप बॅलन्स नावाची एक ओळ आलीय, मे २०२४ मध्ये सफारीत आली तेव्हा सगळ्यांकडं झाली. ती हेडिंगच्या ओळी सारख्या लांबीच्या करून देते. मराठीला याचा इंग्रजीपेक्षा जास्त उपयोग आहे कारण आपले शब्द लांब, 'महानगरपालिकेच्या' हा एकच शब्द मोबाईलवर अर्धी ओळ खातो आणि मग शेवटच्या ओळीत एकटा 'ठार' किंवा एकटा 'का?' लोंबकळत राहतो. कागदावर तुमचे उपसंपादक असा शब्द राहिला तर हेडिंग परत करतात, वेबवर ही एक ओळ ते करते. आणि कांद्याच्या भावाचा तक्ता टाकता त्याला टॅब्युलर-नम्स लावा, फॉन्टमध्ये सोय असेल तर आकडे एकाखाली एक येतील, मार्केट यार्डात माल घेऊन थांबलेला माणूस ते उन्हात मोबाईल धरून वाचत असतो. मुद्द्यांना १, २, ३ हातानं टाइप करू नका, यादीला देवनागरी आकडे लाव असं सीएसएसला सांगता येतं, मधला एक मुद्दा काढला तर पुढचे आपोआप बदलतात. तुमच्या परवाच्या पाणी कपातीच्या बातमीत ४ नंतर थेट ६ होता, पाचवा मुद्दा कुठं गेला म्हणून आमच्या गल्लीत चर्चा झाली.

तर विनंती एवढीच की त्या अर्ध्या पानात पंधरा दिवसांतून एकदा एक सिंगल कॉलम या विषयाला द्या, मी लिहीन असं नाही, पुण्या-मुंबईत माझ्यापेक्षा हुशार लोक आहेत, आपल्या विद्यापीठात आणि इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं पण आहेत, कुणीही लिहा पण उदाहरण मराठी घ्या. मराठीतून हे शिकायला मिळालं असतं तर टॉवेलवाल्या मालकांनी मला जे सांगितलं ते मी आधी कुठंतरी वाचलं असतं.

आणि साइटचं तेवढं बघा. हेडिंगची लाइन-हाइट दीडच्या खाली नको, पट्टीचं लेटर-स्पेसिंग काढा, भाषा 'एमआर' करा, झूमची बंदी उठवा. चार ओळी आहेत, तुमच्या माणसाला सांगितल्या तर चहा गार व्हायच्या आत होतील, नसेल जमत तर मी येऊन करून देतो, पैसे नकोत. फक्त नुकसानीची पुढची यादी लागायच्या आधी करा. आमच्या चुलत्यांची मंगळवेढ्याला ज्वारी आहे, त्यांचं नाव त्यात यायचंय, आणि त्यांचं नाव आहे कृष्णा, वरून-खालून छाटलं तर काय राहतंय ते तुम्हीच बघा.

आपला रोजचा वाचक,
जुळे सोलापूर